नकाशावरचा देवमासा

देवमासा कितीही गाढ झोपला तरी श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. तासाभराने, फार तर दीड तासाने. हा सकाळपासून खालीच होता.

रसिका कुबलने आधी यंत्राला दोष दिला, मग स्वतःच्या गणिताला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात, समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती काम करायची. मूळची मालवणची. झोपलेले देवमासे शोधायची पद्धत तिने बसवली होती. जागा देवमासा सापडतो, कारण तो टकटक करतो, गातो, पिल्लाला हाका मारतो. झोपला की गप्प होतो, आणि नेमका तेव्हाच जहाजाखाली येऊन मरतो. ते टळावं म्हणून तिचा सगळा खटाटोप होता.

पद्धत समजायला अवघड नव्हती. समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या केबली पसरलेल्या आहेत. त्यांच्या पोटात केसासारखी काचेची तार असते आणि तिच्यातून प्रकाश धावत असतो. पाण्यातला आवाज केबलवर आदळला की ती तार नकळत ताणली जाते आणि तारेतून माघारी येणाऱ्या प्रकाशात तेवढा फरक पडतो. तो फरक मोजता आला की केबलचा प्रत्येक तुकडा एकेक कान होतो. महासागराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कानच कान. एवढं जगाला आधीपासून ठाऊक होतं. रसिकाने विचार केला तो उलट्या बाजूने. समुद्र कधीच शांत नसतो. लाटा, पाऊस, जहाजं, नांगी फटकन मिटून आवाज काढणारी कोळंबी, सगळ्यांचा मिळून एक गलका अखंड चाललेला असतो. भर उन्हात माणूस उभा राहिला की सावली पडते. तशी या गलक्यात एखादं मोठं शरीर गप्प राहिलं की त्याच्यामागे आवाजाची सावली पडते. इतर लोक आवाज शोधत होते. रसिका आवाज नसलेली जागा शोधत होती.

तशी एक जागा आता तिच्या पडद्यावर होती. ती वर येत नव्हती. सरळ रेषेत, एकाच वेगाने चालली होती, आणि वळली तेव्हा पट्टीने आखल्यासारखी वळली.

दुपारी डबा उघडून बसल्यावर तिला कळलं, आणि घास हातातच राहिला. ती पाणबुडी होती.

पाणबुड्या बांधणाऱ्यांनी कित्येक वर्षं एकच ध्यास घेतला होता, की पाणबुडी गप्प कशी राहील. आणि ती जितकी गप्प, तितकी रसिकाच्या पडद्यावर तिची सावली गडद. या पद्धतीवरचा तिचा शोधनिबंध तोवर छापून आला होता. कुणीही वाचावा असा, फुकट.

*

जोआन व्हिटेकर वॉशिंग्टनहून आली ती स्वतः गाडी चालवत. साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई. परदेशी सरकारांशी वाटाघाटी करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. कोणत्या कार्यालयाची, ते तिने सांगितलं नाही आणि रसिकाने विचारलं नाही.

"जमिनीवरची क्षेपणास्त्रं कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे," जोआन म्हणाली. "विमानतळही माहीत आहेत. मनात आणलं तर शत्रू ते सगळं एका सकाळी उडवू शकतो. तरी उडवत नाही. का? कारण समुद्रात कुठेतरी अण्वस्त्रं घेतलेली आमची एक बोट आहे आणि ती कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. तो मारेल आणि ती बोट त्याला मारेल. त्यालाही अशीच बोट आहे, म्हणून आम्हीही मारत नाही. इतकी वर्षं जग यावर चाललंय."

"आणि आता ती बोट दिसते."

"आता ती दिसते. दिसणारी बोट बुडवता येते. मग ज्याची बोट आहे त्याला वाटतं, आपण वेळेवर वापरली नाही तर जाईल हातची."

रसिका म्हणाली, "मी निबंध मागे घेतला तर?"

जोआनला हसू आलं, पण ते दुखावणारं नव्हतं. "तीन देशांत तरी लोकांचा तो वाचून, करून बघून झालाय. केबली सगळ्यांच्याच आहेत, बाई. तुम्ही शोधलं नसतं तर दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी शोधलं असतं. हे मी तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. खरंच तसं आहे."

पुढचं वर्ष रसिकाने बातम्यांतून पाहिलं. आपल्या वाटेला कुणी गेलं तर अमेरिका बघून घेईल, या भरवशावर कित्येक देशांनी स्वतःचा अणुबॉम्ब केला नव्हता. तो भरवसा न दिसणाऱ्या पाणबुड्यांवर उभा होता. आता एकेका देशाचा पंतप्रधान वॉशिंग्टनला जायचा, हसत फोटो काढायचा, आणि घरी परतल्यावर तिथल्या संसदेत स्वतःच्या बॉम्बची चर्चा सुरू व्हायची. अमेरिकेने कुणाला सैन्य दिलं, कुणाला विमानं दिली, कुणाला नुसते शब्द. पण ज्या वस्तूच्या जोरावर ती शब्द देत आली होती, ती वस्तूच आता काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी झाली होती.

जोआन पुन्हा आली तेव्हा थकलेली दिसली. तिच्याकडे एक काम होतं.

"आम्हाला सगळ्यात भीती कशाची आहे सांगू? समुद्रातून एखादं क्षेपणास्त्र वर आलं, तर पहिल्या काही मिनिटांत ते कुणाचं हे कळत नाही. एखाद्या तिसऱ्याच देशाने सोडलेलं आम्हाला चीनचं वाटेल, चीनला आमचं वाटेल. म्हणून आम्ही दोघांनी एक ठरवलंय. एक सामाईक नकाशा. त्यात बाकी सगळ्यांच्या बोटी."

"बाकी सगळ्यांच्या म्हणजे?"

"बाकी सगळ्यांच्या," जोआन म्हणाली. "ब्रिटन, फ्रान्सशी वेगळं बोलणं झालंय."

उरले कोण ते रसिकाला मोजावं लागलं नाही.

"माझा भाऊ भारतीय नौदलात आहे. पाणबुडीवर."

"माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला नकाशा दिसणार नाही. जागा, दिशा, तारीख, सगळं काढून टाकलेले आवाजाचे तुकडे येतील. तुम्ही फक्त सांगायचं, देवमासा आहे की नाही. यंत्राला झोपलेला देवमासा आणि रेंगाळणारी बोट यांतला फरक अजून नीट कळत नाही. एका देवमाशाला चुकून बोट समजलं तर एखाद्या देशाला वाटेल, शत्रूने जास्तीची बोट बाहेर काढली. तुम्ही ती चूक होऊ देणार नाही, एवढंच."

ते ऐकायला इतकं सरळ होतं की रसिका हो म्हणाली. आपण सुरू केलेल्या गोष्टीत आपल्या हाती राहिलेलं एवढंच एक चांगलं काम आहे, असं तिला वाटलं.

*

केतन तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि त्याच्या अभ्यासामागे रसिकाच लागायची. आता तो लेफ्टनंट कमांडर होता, बोटीवरचा कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी.

"ताई, आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी तुझं नाव आहे," तो फोनवर म्हणाला. "चांगल्या अर्थाने नाही."

"म्हणजे?"

"कप्तानांनी विचारलं, ती कुबल तुझी कोण? म्हटलं, बहीण. दोन दिवस मेसमध्ये कुणी माझ्याशी कॅरम खेळलं नाही."

ती हसली. तोही हसला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "आदेश बदललेत आमचे. सांगता येणार नाही. पण आधी आम्ही कोपऱ्यात लपून बसायचो आणि डोकं शांत असायचं. लपलेल्या माणसाला घाई नसते. आता तसं राहिलं नाही."

"जपून राहा रे."

"जपून राहायचं म्हणजे काय करायचं, तेच कळत नाही आता. बरं, मी काही दिवस फोनवर नसेन. आईला अधूनमधून फोन करत जा. आणि तिला सांगू नकोस की मी बोटीवर आहे म्हणून. विशाखापट्टणमला ऑफिसात आहे असं तिला वाटतंय."

"तिला तसं वाटत नाही, केतन. ती तसं दाखवते."

*

तुकडे रोज सकाळी यायचे. रसिका कानाला हेडफोन लावून ऐकायची, सावलीचं चित्र बघायची आणि तीनपैकी एक बटण दाबायची. देवमासा. देवमासा नाही. सांगता येत नाही. बहुतेक देवमासेच असायचे. तिला ते काम आवडायला लागलं होतं.

मग एक तुकडा आला. मधोमध एक लांबट, गप्प जागा. ती देवमासा नव्हती, हे पहिल्या क्षणी दिसलं. पण रसिकाचं लक्ष मागच्या आवाजाकडे गेलं. फार दूरवर एक निळा देवमासा गात होता. खोल, लांबलेला सूर, शेवटी किंचित चढणारा.

जगातल्या प्रत्येक समुद्रातल्या निळ्या देवमाशांचं गाणं वेगळं असतं. हे गाणं रसिकाला पाठ होतं. पीएच.डी.ची वर्षं तिने ओमान ते लक्षद्वीप होड्यांवर काढली होती ती यासाठीच. जागा, दिशा, तारीख, सगळं त्यांनी खोडलं होतं. गाणं खोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हा अरबी समुद्र होता.

आणि त्या गप्प जागेच्या आसपास दुसराच एक आवाज होता. टिंग. थोडा वेळ जायचा, पुन्हा टिंग. पाणबुडी शोधायला जहाजं पाण्यात सोडतात तो नाद. कुणीतरी त्या बोटीच्या मागे लागलं होतं, आणि लपूनछपून नाही. दार ठोठावावं तसं.

तिने हेडफोन काढून ठेवले. मग पुन्हा घातले. आत केतन आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं; भारताची पाणबुडी काही एकच नव्हती. पण तो फोनवर नव्हता. आणि अण्वस्त्रं घेऊन फिरणाऱ्या बोटी होत्याच किती?

काय करायचं? दूतावासात जाऊन सांगायचं, मला एक गप्प जागा ऐकू आली? त्या बोटीतल्या माणसांना तर स्वतःलाच तो नाद ऐकू येत असणार. भिंतीवर हातोडा मारल्यासारखा. त्यांना कळवण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. समुद्राखालच्या बोटीला फोन लागत नाही. जोआनला विचारलं तर ती म्हणेल, नकाशा त्यासाठीच आहे. रसिकाने त्या दिवशी 'देवमासा नाही' दाबलं, कारण ते खरं होतं.

मग तसेच तुकडे येत राहिले. तोच समुद्र, तीच बोट, तोच ठोका. कधी ती बोट खोल जाऊन नादापासून निसटायची. वरचं पाणी गरम आणि खालचं गार असतं, त्या सीमेखाली गेलं की जहाजाचा नाद नीट पोचत नाही. पण तळाच्या केबलला ती दिसतच असायची. थोड्या वेळाने नवा तुकडा यायचा: ही सावली देवमाशाची आहे का? रसिका खरं सांगायची, आणि पुढच्या तुकड्यात जहाजं पुन्हा डोक्यावर असायची. हे तिला हळूहळू समजलं. जहाजांना ती बोट आपली आपण सापडत नव्हती. त्यांना त्या सामाईक नकाशावरून रस्ता दाखवला जात होता, आणि दाखवणाऱ्यांत ती स्वतः होती.

तिने जेवण टाकलं. आईला फोन केला तर आई म्हणाली, "तुझो आवाज असो काय येता गो? ताप आसा काय?" आई, शैलजाताई, मालवणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाजावरून ताप ओळखायच्या.

"नाय गो, काय नाय. केतनचो फोन इल्लो?"

"नाय. तुका इल्लो?"

"नाय."

त्यापुढे कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पुन्हा निसटली होती. तुकडा आला. गप्प जागा, मागे निळ्या देवमाशाचं गाणं, ठोका कुठेच नाही. खाली तीन बटणं.

रसिकाने 'देवमासा' दाबलं.

तिच्या शब्दाला वजन होतं. यंत्राने तो मानला आणि ती सावली नकाशावरून उतरवली. पुढचे तुकडे आले तसं ती दाबत गेली. देवमासा. देवमासा. देवमासा. नाद दूर जात होता. जहाजं भलतीकडेच पाणी ठोकत होती. मग एका तुकड्यात तर नुसता समुद्र होता, आणि त्यात ती लांबट शांत जागा सावकाश, कुणाच्याही नजरेत न येता चालली होती.

कित्येक दिवसांनी रसिका पोटभर जेवली.

*

ते फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्या कुणीतरी तेच तुकडे तपासले. एका सकाळी तिचा पडदा उघडेना, आणि दुपारी जोआन दारात उभी होती.

ती ओरडली नाही. खुर्चीत बसून गुडघा चोळत म्हणाली, "गाण्यावरून ओळखलंत ना?"

"हो."

"आमच्यातल्या कुणालाच ते सुचलं नाही." ती खिडकीकडे बघत राहिली. "तुमच्यावर खटला होणार नाही. खटला भरला तर त्या बोटीची जागा आम्ही कुणाला देत होतो हे कोर्टात सांगावं लागेल, आणि ते दिल्लीला कळेल. तुम्ही घरी जा. परत येऊ नका."

"तुम्ही माझ्या भावाला चीनच्या हवाली केलंत."

"हो," जोआन म्हणाली. "कारण नाहीतर माझ्या देशाला आणि त्यांच्या देशाला एकमेकांवर विश्वास ठेवायला काहीही उरलं नव्हतं. मी वाईटातलं कमी वाईट निवडलं. चाळीस वर्षं तेच करतेय." मग ती रसिकाकडे वळली. "तुम्ही ज्या दिवशी ती बोट पुसलीत, त्यानंतरचे दिवस कसे गेले हे तुम्हाला सांगायची मला परवानगी नाही. पण एक सांगते. सापडलेल्या बोटीला इतकं कुणी घाबरत नाही. नकाशावरून बोट हरवली की दोन राजधान्यांमध्ये लोक युद्ध चालवायच्या खोल्यांत जाऊन बसतात."

रसिकाला तेव्हा ते पूर्ण कळलं नाही. राग इतका होता की कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

*

मालवणात दांडीच्या किनाऱ्याजवळ त्यांचं घर होतं. रसिका परतल्यावर लोकांनी दोन दिवस चौकशी केली, मग सोडून दिली. तिने शैलजाताईंना सांगितलं, नोकरी गेली. त्यांनी विचारलं नाही का ते.

केतन आला तेव्हा रसिकाने त्याला क्षणभर ओळखलं नाही. गाल आत गेले होते, आणि तो बोलताना मध्येच थांबून काहीतरी ऐकत राहायचा. पहिल्याच जेवणाला शैलजाताईंच्या हातून सोलकढीच्या वाटीला चमचा लागला. केतन ताटावरून उठला. भिंतीला टेकून उभा राहिला, डोळे मिटून. मग काही झालंच नाही असं दाखवत परत बसला.

दुपारी शैलजाताई रसिकाला मागच्या दारी घेऊन गेल्या. "झिलाक काय झालाहा? वाटीक चमचो लागलो तरी दचकता. झोपणा नाय. माका सांगूचो नाय. तू विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून माणसं पांगली, तेव्हा रसिका आणि केतन ओल्या वाळूवर जाऊन बसले. तो आपणहून बोलायला लागला. कदाचित समोर समुद्र होता म्हणून.

"मी हे कुणालाच सांगायचं नाही, ताई. तुला सांगितलं तरी मला तुरुंगात टाकतील."

"मग नको सांगूस."

"नाही. सांगायला हवं." त्याने वाळू मुठीत घेतली. "आम्हाला त्यांनी गाठलं. चीनची जहाजं. आणि गाठून गप्प बसले नाहीत. डोक्यावर राहून नाद सोडत राहिले. टिंग. टिंग. अख्खी बोट वाजायची. जेवताना, झोपताना, संडासात. खाली गेलो तर तेवढ्यापुरतं सुटायचो, पुन्हा यायचे. पोरं वेडी व्हायची बाकी होती. एकाने स्वतःच्या कानात पेन्सिल घालून घेतली."

रसिका त्याच्या मुठीकडे बघत होती.

"आणि मग एक दिवस ते थांबलं."

रसिकाला ते बटण आठवलं.

"तुला वाटेल, बरं झालं. आम्हालाही पहिला अर्धा तास तसंच वाटलं. मग कॅप्टन कुरियन सर म्हणाले, ते का थांबले? विचार कर. मांजर उंदराला खेळवतंय आणि एकदम पंजा काढून घेतं. का? एकच कारण. युद्ध सुरू झालंय. आता ते टॉर्पेडो सोडणार, आणि सोडण्याआधी स्वतःची जागा कळू नये म्हणून गप्प झालेत. वर येऊन किनाऱ्याला विचारावं, तर वर आलो की दिसणार. खालीच राहावं, तर किनारा उरलाय की नाही हेच माहीत नाही."

"आदेश काय होते?"

"आधी परवानगी वरून यायची. दिल्लीहून. आता बोट लपतच नाही म्हटल्यावर आदेश बदलले. बोट जाणारच अशी खात्री झाली आणि किनारा बोलत नसेल, तर कप्तान आणि त्याच्याखालचा अधिकारी मिळून क्षेपणास्त्रं सोडायचं ठरवू शकतात. दोघांनी हो म्हणायला हवं. दोन किल्ल्या असतात."

"केतन."

"दोन दिवस तसे गेले. शांततेत. ताई, ती शांतता त्या ठोक्यापेक्षा वाईट होती. तिसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही किल्ल्या टेबलावर. म्हणाले, तुझं मत सांग. मी म्हणालो..." त्याने मुठीतली वाळू दुसऱ्या हातात घेतली. "मी हो म्हणालो. मी म्हणालो, सर, करू या. मला आई दिसत होती, हे घर दिसत होतं, सगळं जळालेलं. मला खात्री होती की तुम्ही कुणी उरला नाही. मी पूर्ण खात्रीने हो म्हणालो."

"आणि ते?"

"ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आधी चहा मागव. चहा आला. मी जन्मात कुणाला इतका सावकाश चहा पिताना बघितलं नाही. मी मनात त्यांना शिव्या देत होतो. भित्रा म्हातारा, म्हणत होतो. त्यांनी कप खाली ठेवला, हात किल्लीकडे नेला की घाम पुसायला नेला, मला अजून कळत नाही, आणि..." केतनने वाळू सोडून दिली. "टिंग."

लाट पायापर्यंत येऊन गेली.

"आमचा स्वयंपाकी रडला. इंजिनवाले एकमेकांना मिठ्या मारत होते. शत्रूने आम्हाला पुन्हा शोधलं म्हणून! कुणाला कळलं नाही ते मध्येच कुठे गेले होते. पुढे किनाऱ्याशी बोलणं झालं, तर युद्ध वगैरे काहीच नव्हतं. कुठेच काही झालं नव्हतं. त्या दिवसांत ते का थांबले, हे कुणी सांगू शकलं नाही."

रसिकाला गप्प राहता आलं असतं. तिने ते मनात घोळवलंही. पण तो तिच्या शेजारी बसून स्वतःला खात होता, आणि तिला वाटलं, निदान अर्धं तरी ओझं माझ्या नावावर येऊ दे.

"मी थांबवलं," ती म्हणाली.

त्याला समजलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. नकाशा, तुकडे, गाणं, बटण. सांगताना तिचा आवाज कोरडा होता, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसा.

केतन शेवटपर्यंत ऐकत राहिला. "का केलंस?"

"तू होतास म्हणून."

तो उठला नाही, ओरडला नाही. फक्त वळून तिच्याकडे पाठ करून बसला. "मी तुला दोष देत नाही, ताई. खरंच देत नाही. पण जरा वेळ माझ्याकडे बघू नकोस."

ते तसेच बसून राहिले. ऊन वर आलं. मग केतनच म्हणाला, "पुढच्या वेळी असं करू नकोस."

"माझ्या हातात आता काहीच नाही. मला काढून टाकलंय."

"बरं झालं."

"तू सोड ना नोकरी."

"सोडू शकतो. माझ्या जागी दुसरा येईल. तोही हो म्हणेल. आणि कुरियन सर तर आता गेले, निवृत्त झाले. नवे कप्तान कसे आहेत माहीत नाही. चहा पितात की नाही, तेही माहीत नाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "निदान मला एक गोष्ट माहीत झालीये, की ते शांत झाले तरी थांबायचं असतं. पण पुढच्या वेळी ते खरंच युद्ध असेल आणि मी थांबलो, तर? तेही मला कळणार नाही. दोन्हींमधला फरक आतून ऐकू येत नाही."

*

त्याची रजा संपली तेव्हा रसिका त्याला कुडाळ स्टेशनवर सोडायला गेली. गाडी सुटेपर्यंत ते कैऱ्यांबद्दल आणि घराच्या कौलांबद्दल बोलले. गाडी हलली तशी तिने हात हलवला. तोही नुसता हात हलवत राहिला.

पुढे काही दिवसांनी त्याचा फोन बंद लागला. टीव्हीवर त्याच सुमारास आणखी एका देशाने स्वतःच्या बॉम्बची घोषणा केली होती, आणि वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगत होतं की अमेरिका आपल्या मित्रांच्या पाठीशी उभी आहे. मागच्या रांगेत, कडेला, जोआन बसलेली दिसली असं रसिकाला वाटलं. नक्की सांगता आलं नाही.

संध्याकाळी शैलजाताईंनी देवापुढे दिवा लावला. हात जोडून, डोळे मिटून, रोजच्यापेक्षा मोठ्याने म्हणाल्या, "देवा म्हाराजा, माझो झील खय आसात थय सुखरूप ऱ्हवांदे. कोणाची नजर त्याच्यार पडाक देऊ नको."

रसिका शेजारी हात जोडून उभी होती. तिने डोळे मिटले आणि उलटंच मागितलं. त्यांना तो दिसू दे. त्यांच्या जहाजांनी त्याला गाठलेलं असू दे. त्याच्या डोक्यावर तो ठोका वाजत असू दे, दिवसभर, रात्रभर, आणि एकदाही थांबू नये.

शैलजाताईंनी डोळे उघडले. "तू काय मागलंस गो?"

"तुया मागलंस ताच," रसिका म्हणाली, आणि वात जरा पुढे सरकवली.